उसाची चूल

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक हुशार शेतकरी राहत होता. हुशार म्हणजे स्वतःच्या मते. त्याची बायको त्या हुशारीपुढे अगदी टेकीला आली होती.

लेकीचं नुकतंच लग्न झालं होतं. पहिल्या संक्रांतीला घरच्या गुळाचे तिळाचे लाडू पाठवीन, असा शब्द बायकोने विहिणीला दिला होता. त्यामुळे तिचा सगळा जीव शेतातल्या उसात अडकला होता.

आणि एके दिवशी बघते तर काय, नवरा विळा घेऊन उसाची हिरवीगार पानं छाटत सुटलेला! शिवाय ऊस गोड व्हावा म्हणून बुंध्याशी गुळाचं पाणीही ओतलेलं.

"अहो, हे काय आरंभलंय?"

"अगं, पानं म्हणजे निव्वळ आयतखाऊ! दिवसभर वाऱ्यावर डुलायचं आन् रस प्यायचा. आता बघ, सगळी गोडी कांड्यात राहील."

बायकोने कपाळावर हात मारला. "गोडी पानातच तयार हुती! मुळं नुसतं पाणी देत्यात. पानं ऊन आन् हवा घेऊन त्याची साखर करत्यात, मग ती कांड्यात उतरती. पान म्हंजे उसाची चूल. चिंचेच्या सावलीतला ऊस दरसाल फिका का निघतो, कधी इचार केलाय?"

"तुला काय कळतंय शेतीतलं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बांधाकडच्या, अजून न छाटलेल्या उसाच्या दोन सऱ्यांपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्यांना विळा लागला, तर घरातली चूलबी पेटायची न्हाई."

भाकरीच्या भीतीने तेवढ्या सऱ्या वाचल्या. बाकीच्या उसात गुळाच्या पाण्याने मुंग्यांची मात्र चंगळ झाली.

संक्रांत तोंडावर आली. गुऱ्हाळ लागलं. काहिलीत रस आटून आटून काळा पडला, पण गूळ काही धरेना. आता लेकीने सासरी काय सांगायचं? बायकोला रागाने रडूच फुटलं. "त्या दोन सऱ्यांचा ऊस आणा," ती म्हणाली.

त्याचा रस आटला, तांबूस झाला आणि छोटीशी ढेप घट्ट बसली. लाडवांपुरती.

लाडू लेकीकडे गेले. उरलेला एक खाताना नवरा हळूच म्हणाला, "चुकलंच माझं."

महिन्याभराने बायको शेतात गेली, तर हा पठ्ठ्या पानांना ऊन नीट लागावं म्हणून ओल्या फडक्याने नव्याने फुटलेल्या उसाचं एकेक पान पुसत होता! तिने पुन्हा कपाळावर हात मारला. पण निदान आज त्याच्या हातात विळा नव्हता.

तात्पर्य: जो ऊन झेलून आपलं घर गोड करतो, त्यालाच आयतखाऊ म्हणून छाटू नये.