दात न लावता

त्या मुलखात नदी एक होती आणि काठ दोन. खालच्या काठाला काळी जमीन, वरच्या काठाला माळ आणि डोंगर. दोन्हीकडे राज्य घोड्यांचं. घोडे एकाच कळपातले, भाऊभाऊ, आणि नदीच्या उतारापाशी, जिथून पाण्यातून पायी पलीकडे जाता येई, एका मोठ्या झाडाखाली त्यांची एकच पंचायत भरे. फरक एवढाच, की खालच्या काठावर गाईबैलांच्या नाकात वेसण होती, वरच्या काठावर कुणाच्याच नाकात नव्हती.

वेसण घातलेलं जनावर खळ्यावर राबे. खळ्याच्या मधोमध एक खांब रोवलेला असे, तिवडा म्हणत त्याला. त्याला बांधायचं आणि सुगी सरेपर्यंत कणसांवरून गोल फिरवायचं. धान्य घोड्यांचं. भुसा फिरणाऱ्यांचा. वासरू जरा अंगानं भरलं की त्याचं नाक टोचत. त्या वेळी आईनं तोंड फिरवून उभं राहायचं, अशी रीत होती.

वरच्या काठाला या गोष्टीची लाज वाटे. तसं ते बोलूनही दाखवत. पण खालचं धान्य तेही खात. शिवाय वेसणीचे दोर ज्या घायपाताचे होत, तो घायपात वरच्याच डोंगरावर उगवे, आणि दोर वळत ते वरच्याच काठाचे वानर. दोर खाली जाई, धान्य वर येई. त्याबद्दल मात्र कुणी बोलत नसे.

अधूनमधून एखादं जनावर निसटे आणि नदी ओलांडून वर येई. त्यासाठी पंचायतीनं कायदा केला होता. दोरासकट सापडलेलं जनावर दोराच्या मालकाला परत पोचवायचं. हे काम वरच्या काठाच्या कुत्र्यांकडे होतं. पण वरचे घोडे मनाचे हळवे. म्हणून त्यांनी एक अट घातली. नेताना जनावराच्या अंगाला दात लावायचा नाही. फक्त दोर धरायचा.

या कामात डोंगऱ्याचा हात धरणारा कुणी नव्हता. डोंगऱ्या करड्या रंगाचा, रुंद जबड्याचा कुत्रा. बोलणं कमी, काम चोख. "आजवर एकाच्याही कातडीवर माझा दात उमटलेला नाही," असं तो मान ताठ करून सांगे. ते खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच त्याला झोप चांगली लागे.

एका सुगीत चांदवी नावाची गाय निसटली. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून चांदवी. पोटात वासरू होतं. खाली जन्मलं तर त्याचं नाक टोचणार, वर जन्मलं तर नाही, एवढाच तिचा हिशेब. डोंगऱ्यानं तिला घायपाताच्या जाळीत हुडकलं. ती पळाली नाही. त्यानं दोराचं टोक तोंडात धरलं आणि पुढे चालू लागला. ती मागून आली.

ऊन टळटळीत होतं. उताराच्या मध्यावर एक सपाट काळा दगड आहे. तिथं चांदवी थांबली.

"दादा," ती म्हणाली, "एक घोट पिऊ दे."

पाणी तिच्या गुडघ्याला लागत होतं. मान खाली घालायचाच अवकाश होता. पण उतारात जनावर थांबवायचं नाही, अशी कुत्र्यांची शिस्त. थांबलं की बिथरतं.

"पलीकडे गेल्यावर पी," डोंगऱ्या दातांतून म्हणाला आणि दोराला झटका दिला.

पलीकडे घोडे उभेच होते. त्यांनी तिला थेट खळ्यावर नेलं. पुन्हा पळू नये म्हणून जुन्या वेसणीवर दुहेरी दोर ओवला आणि ओल्या जखमेवरच गाठ मारली. डोंगऱ्यानं ते पाहिलं नाही. तो शेपूट उंच करून परत निघाला होता.

वरच्या काठाच्या पाणवठ्यावर एक म्हातारी शेळी बसे. तिला शिंगं नव्हती, म्हणून तिचं नाव भुंडी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती एकच गोष्ट सांगे, की दोर कुणाच्याच नाकात नको, खाली नको आणि वर वळायलाही नको. कुत्रे हसत. "दूध आटलं, आता बडबडीला पान्हा फुटलाय," म्हणत. वानर तिला खडे मारत.

त्या दिवशी डोंगऱ्या पाण्यावर आला तेव्हा तिनं विचारलं, "पोचवलीस?"

"पोचवली."

"दात लावलास?"

"मी लावत नाही. साऱ्या काठाला विचार."

"मग तोंड उघड बघू."

त्यात लपवायचं काही नव्हतं. डोंगऱ्यानं ऐटीत जबडा उघडला. भुंडीनं वाकून पाहिलं. त्याच्या सुळ्यांत घायपाताचा एक धागा अडकला होता. तो लाल होता.

"हे कुणाचं रे?"

"नाकाला दोर घासतो. तो काही माझा दात नव्हे, म्हातारे."

"बरं," भुंडी म्हणाली. "पी आता पाणी."

तो प्यायला. धागा भिजला आणि तोंडभर एक चव पसरली. तो पुन्हा प्यायला. तहान गेली नाही.

पुढच्या सुगीत तो एका बैलाला घेऊन खाली गेला, तेव्हा वाटेतल्या खळ्यावर त्याला चांदवी दिसली. पोट रिकामं होतं. दुसऱ्या टोकाला एक पाडी बांधलेली होती. तिच्याही कपाळावर ठिपका होता आणि नाकावर माशा बसल्या होत्या. चांदवीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती तोंड फिरवून फिरत होती.

त्यानंतर जाळीत एक जनावर दडलेलं त्यानं हुंगलं, आणि परत येऊन सांगितलं की तिथं काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो खोटं बोलला. ते लपलं नाही. कुत्र्यांनी त्याला राखणीतून काढलं. तो उठला आणि पाणवठ्यावर भुंडीशेजारी जाऊन बसला.

"बस," ती म्हणाली. "पण माझ्याकडून शाबासकी मिळायची नाही."

"मागितली नाही."

तो बसू लागला, तसे आणखी काही येऊन बसू लागले. दोन मेंढ्या आल्या. एक खेचर आलं. मग एक वानर आला, त्यानं दोर वळणं सोडलं होतं. पाणवठ्यावरचा आवाज मोठा झाला आणि खालच्या काठाला ऐकू जाऊ लागला.

अशात मावळतीकडे मोकळं रान सापडलं. खालचे घोडे म्हणाले, तिथंही आम्ही तिवडे रोवणार. वरचे म्हणाले, रोवायचे नाहीत. एकाच झाडाखाली बसणारे भाऊ एकमेकांवर फुरफुरले. खालच्यांनी पंचायत मोडली आणि उतारात धोंडे ढकलून वाट बंद केली. लढाई पेटली.

वरचे घोडे सगळ्यांना बजावत, "हे भांडण उताराचं आहे. वाट सर्वांची आहे. दोराचा विषय मध्ये आणू नका."

"आणू नका म्हणता," भुंडी म्हणे, "म्हणजे तो आधीच मध्ये आहे."

लाथेला लाथ भिडली. एकाच घोडीची शिंगरं एकमेकांची हाडं मोडू लागली. नदीला घोड्यांच्या मढ्यांचा वास येऊ लागला. वरचे हरू लागले, तेव्हा कुठं त्यांनी जाहीर केलं, की दोरासकट जो इकडे येईल त्याचा दोर तोडला जाईल.

मग गाईबैल आले. दोर फरफटत, धोंड्यांवर खुरं आपटत, कळपाकळपानं आले. दोर तुटला की ते माळावर चरायला गेले नाहीत. फिरले, शिंगं खाली केली आणि आलेल्या वाटेनं परत घुसले. लढाई फिरली ती तिथून.

दोर तोडायचं काम पुन्हा कुत्र्यांचंच. डोंगऱ्या सगळ्यांत पुढे. घायपाताचा पीळ चिवट असतो. एकेक दोर एकेक दात मागे. डोंगऱ्या देत गेला. प्रत्येकाला तो विचारी, "चांदवी दिसली का? कपाळावर ठिपका आहे."

एक म्हातारा बैल मोठ्यानं हसला. "आता कशाला पाहिजे ती? पुन्हा पोचवायचीय होय?"

रांगेतले सगळे हसले. डोंगऱ्यानं मान खाली घातली आणि त्याचा दोर तोडला.

भुंडी लढाईतच गेली. दोन घोड्यांच्या मध्ये सापडली. ज्या वानरांनी तिला खडे मारले होते त्यांनी पाणवठ्याला तिचं नाव दिलं.

लढाई संपली त्या दिवशी डोंगऱ्या एकटा खाली उतरला. शेवटच्या खळ्यावरचा तिवडा बैलांनी स्वतःच उपटून टाकला होता. मोकळी जनावरं आडव्या पडलेल्या खांबाला अंग घासत होती. बाजूला चांदवी बसली होती. तिचं अंग खंगलं होतं. तिच्या नाकात दोर तसाच होता. ती कुणालाच हात लावू देत नाही, असं बैलांनी सांगितलं.

"आलास?" ती म्हणाली. दादा म्हणाली नाही.

"दोर तोडायला आलो."

"तोड."

डोंगऱ्या जवळ गेला. गाठ नाकाच्या मांसात रुतली होती. कातडी तिच्यावरून वाढली होती. गाठ तोडायची तर मांसात दात घालावा लागणार होता, आणि घालायला दात उरले नव्हते. त्यानं हिरड्यांनी खटपट केली. चांदवीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हलली नाही. शेवटी तो मागे सरला.

"माझ्यानं होत नाही."

"मला वाटलंच." ती उठली. "ज्यांनी दोर वळला ते वानर वरच्या काठावर आहेत. त्यांची बोटं बारीक. त्यांनाच सोडवू दे. चल."

"चल. तू मोकळी चाल, मी मागून येतो."

"मोकळी कशी? एवढा दोर खाली लोंबतोय. पायात येतो, नाक ओढतो. टोक धर. त्या दिवशी धरलं होतंस तसं."

त्यानं टोक धरलं. ती पुढे निघाली, तो मागून. दोर ताणला की तिची मान थरथरे, म्हणून तो पावलं लांब टाकू लागला आणि दोर ढिला ठेवू लागला. त्याचं वय झालं होतं. धाप लागत होती. ऊन त्या दिवसासारखंच टळटळीत होतं.

वरच्या काठावर जिंकलेल्यांची गर्दी जमली होती. घोडे होते, कुत्रे होते, पाल्याच्या माळा घेऊन वानर होते. लांबून त्यांना दिसलं, की एक गाय दोर लावून एका कुत्र्याला आणते आहे.

उताराच्या मध्यावर, काळ्या सपाट दगडापाशी, चांदवी थांबली. तिनं मान खाली घातली आणि पाण्याला तोंड लावलं.

"अरे डोंगऱ्या, तूही पी की!" काठावरून एक कुत्रा ओरडला. "सोड तो दोर! लढाई संपली!"

पाणी डोंगऱ्याच्या गळ्याला लागत होतं. जीभ टाळूला चिकटली होती. तिथं नदीला ओढ फार. दोर सुटला असता तर धारेनं तो खेचला असता, आणि दुसरं टोक तिच्या नाकात होतं. डोंगऱ्यानं मान वर केली, दोर पाण्याच्या वर धरला आणि जबडा मिटून घेतला.

चांदवी पीत होती. सावकाश पीत होती.