यमुताईंचं कुलूप

फार वर्षांपूर्वी एका शहरावर विमानं बॉम्ब टाकत असत. तेव्हा मी यमुताईंच्या दारावरचं पितळी कुलूप होतो. भोंगा झाला की त्या मला लावायच्या, ओढून बघायच्या आणि मगच गल्लीतल्या तळघराकडे पळायच्या. घर आपल्याच जिवावर उभं आहे, असं मला वाटायचं. “मी असेपर्यंत आत कोण शिरतंय?” असं मी कडीला ऐकवायचो.

एके दुपारी मोठा आवाज झाला. धूळ बसली तरी मी घट्टच होतो.

“बघ, हललो तरी का?”

“शहाण्या, मागे बघ,” कडी म्हणाली. “घर कुठाय?”

मागे विटांचा ढीग होता. उभं होतं ते फक्त चौकटीतलं दार, आणि तिथे मिरवणारा मी.

यमुताई आल्या. शेजारच्या रखमाक्का रडवेल्या होऊन म्हणाल्या, “अगं, बाजूने जा की. आता भिंत कुठाय?”

“दार असताना?” म्हणत यमुताईंनी किल्ली काढली, मला उघडलं आणि उंबरा ओलांडून त्या विटा उचलू लागल्या.

तेवढ्यात पुन्हा भोंगा झाला. यमुताई बाहेर धावल्या, दार लोटून घेतलं, मला लावलं आणि सवयीने ओढून बघितलं.

या वेळी मी कडीला काही ऐकवलं नाही. नुसता घट्ट धरून राहिलो.