मुकादमाच्या कमरेचा दोर

फार जुनी गोष्ट. एका गावात दोरखंड वळण्याचा कारखाना होता. तिथल्या दोरांच्या भरवशावर माणसं खोल विहिरींत उतरत.

कारखान्याचा मुकादम मात्र कुणालाच आवडत नसे. कपाळाला सदा आठ्या, आणि बोलणं म्हणाल तर औषधापुरतं. संध्याकाळी सगळ्यांचे दोर खांद्यावर टाकून तो मागच्या बाजूला निघून जाई आणि सकाळी त्यातला एखादा परत आणून टाकी. पुन्हा वळा, एवढंच म्हणे. का, ते काही सांगायचा नाही. मग लोकांनीच ठरवून टाकलं, की हा नुसती खुसपटं काढतो आणि मालकाकडे आपल्या चुगल्या करतो. एकदा असं ठरल्यावर कामात कुणाचं मन लागतंय?

भिवरा तिथली सगळ्यात हुशार कारागीर. एकदा तिचाही दोर परत आला, तशी ती फणफणली. कितीही जीव ओता, ह्याला नावंच ठेवायची आहेत, असं म्हणत तिने नव्या दोराच्या पोटात कुजका काथ्या भरला आणि वरून चांगला गुंडाळून दिला.

घरी निघाल्यावर भाकरीचं फडकं राहिल्याचं आठवलं, म्हणून ती परत फिरली. कारखान्याच्या मागे एक कोरडी विहीर होती, तिच्यापाशी मुकादम दिसला. दोराचं एक टोक झाडाला, दुसरं त्याच्या कमरेला, आणि पाय विहिरीत सोडलेले. दोर तिचाच होता.

खरं सांगावं तर काम जाणार, आणि घरची चूल तिच्याच कमाईवर पेटत होती. गप्प राहावं तर माणूसच जाणार.

"मुकादम, उतरू नका. तो दोर कुजका आहे. मी मुद्दाम तसा वळलाय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मुकादम मागे सरकला. त्याने कमरेची गाठ सोडत कारण विचारलं, आणि भिवराने आठ्यांपासून चुगल्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"अगं, मालकाशी मी वर्षातून एकदा बोलतो," तो म्हणाला. "दुसऱ्याचा जीव टांगायच्या आधी आपला टांगून बघावा, म्हणून रोज उतरतो. पण हे तुम्हाला सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

भिवराचं काम काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने जीव ओतून नवा दोर वळला. संध्याकाळी मुकादमाने सगळ्यांना विहिरीपाशी नेलं, अडखळत का होईना खरं काय ते सांगितलं, तोच दोर कमरेला बांधला आणि खाली उतरला. वर सगळे श्वास रोखून उभे.

खालून आवाज आला, "दोर झकास झालाय, भिवरा. आता वर तरी ओढा मला."

मुकादमाच्या तोंडून कौतुक ऐकायची ती पहिलीच वेळ. हसता हसता सगळ्यांनी त्याला असा काही ओढला, की बिचारा बादलीसारखा वर आला.

तात्पर्य काय, तर वरिष्ठाबद्दल आपण मनात जे धरतो, तेच आपल्या कामात उतरतं. म्हणून मनात धरण्याआधी विचारावं, आणि वरिष्ठानेही कुणी विचारायची वाट न बघता सांगावं.