नऊची बोट

“कापायचं नाही, असं कोण म्हणतंय? तू, की तुझं नाटक?”

बाईंनी नेमकं असंच विचारलं होतं का, याची डॉ. नीळकंठ सबनीसांना आता खात्री देता येत नाही. एकतीस वर्षं झाली. बाईंच्या हातात तांबडी पेन्सिल होती, हे नक्की. निदान पेन्सिल तरी होतीच.

गुनवोर लिंडस्कोग. स्वीडनमधल्या एका बेटावर मासे खारवणाऱ्या बाईची मुलगी. बत्तीस नाटकं लिहिली, त्याहून अधिक बसवली. राजधानीतलं मोठं थिएटर चालून आलं, तेव्हा म्हणाल्या, “तिथे लोक आपणहून येतात.” आणि नाटकं घेऊन बेटाबेटांवर हिंडत राहिल्या.

सबनीसांचं नाटक स्वीडिशमध्ये गेलं आणि बाईंनी ते बसवायला घेतलं. तालमींसाठी सबनीस पुण्याहून जाऊन राहिले. वय चाळीस, नाट्यशास्त्राची डॉक्टरेट, नाकावर माशी बसू देत नसत.

नाटकाच्या शेवटी विधवेचं चार पानी भाषण होतं. नवऱ्याच्या शर्टाशी बोलते ती. त्यातली निम्मी वाक्यं सबनीसांच्या आईची. आई गेल्यावर त्यांनी ती आठवून आठवून उतरवली होती.

“भाषण सुंदर आहे,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“आठ मिनिटांचं आहे. शेवटची बोट नऊला सुटते. माणसं आसपासच्या बेटांवरून येतात.”

“बोटीसाठी नाटक कापायचं? आमच्याकडे लोक तीन-तीन अंक हलत नाहीत, बाई!”

“नसतील. इथे तिसऱ्या रांगेत म्हाताऱ्या असतात. तुझी विधवा बोलत असेल आणि त्या वाकून, माफी मागत, कोट शोधत निघतील.”

“निघू देत चार म्हाताऱ्या!”

बाईंनी मनगटावरचं घड्याळ सोडलं. संहितेवर ठेवलं. शेजारी पेन्सिल ठेवली आणि कॉफी आणायला गेल्या...

घड्याळाकडे बघता बघता सबनीसांना आई आठवली. शेवटच्या एसटीसाठी ती कायम तिसऱ्या अंकातून उठून जायची. नाटक कसं संपलं, ते दुसऱ्या दिवशी शेजारणीला विचारायची.

बाई परतल्या तेव्हा चारही पानांवर रेघा होत्या. सबनीस खिडकीबाहेर बघत होते.

“साखर?” बाईंनी विचारलं.

पहिल्या प्रयोगाला विधवेनं खुर्चीवरचा शर्ट उचलला. खालपासून एकेक बटण लावत गळ्यापर्यंत आली. दिवे गेले.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी उठलंही नाही...

मग कोट चढवत सगळे गपचूप बाहेर पडले. बोटीची घाई असेल, असं सबनीसांनी धरलं.

पुढे मराठीतही ते नाटक तसंच, शेवटच्या बटणावर संपत राहिलं.

यंदा त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. तपशील तपासल्याशिवाय चैन पडेना, म्हणून बोटीच्या कचेरीला पत्र टाकलं. उत्तर आलं. त्या वर्षी शेवटची बोट रोज रात्री साडेअकराला सुटत असे.

त्यांनी फोन लावला. बाई आता अठ्ठ्याऐंशीच्या.

“बाई, बोट साडेअकराची होती!”

पलीकडे कपात चमचा वाजला.

“मग घाल ते भाषण परत.”