शेजारणीची हंडी

एका राज्यात, जिथं भरतीचं पाणी राजवाड्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येई आणि राजाला मुजरा करून माघारी जाई, तिथं एके सकाळी पाणी सातव्या पायरीवर आलं आणि मुजरा न करताच बसून राहिलं.

ऐका हो, नीट ऐका! वारा साफ पडला होता. माडाची झावळी हलेना. आभाळ घासलेल्या तांब्यासारखं लालपिवळं झालं. वाळूतले खेकडे रांगा लावून देवळाच्या शिखरावर चढले. समुद्राची गाज रोज उत्तरेकडून यायची, ती आज दक्षिणेकडून आली. आणि नेमक्या त्याच पहाटे गावच्या चाळीस होड्या समुद्रात गेल्या होत्या, कारण राजमांत्रिक धूम्रकेशानं दवंडी पिटवली होती, "आज दर्या आपला गुलाम आहे, खुशाल जा!" मांत्रिकाला काय, त्याला थोडंच पोहायचं होतं!

त्यांतल्या एका होडीत धर्मा होता. त्याची बायको हौसा किनाऱ्यावर उभी होती आणि तिच्या पदराच्या गाठीत गुळाचा खडा होता. नवरा समुद्रावरून आला की त्याचे पाय पाण्यात असतानाच त्याच्या तोंडात गूळ घालायचा, ही तिच्या घरची रीत.

"हौसे," मासळी वाळवायच्या काठीवर उभा असलेला म्हातारा बगळा बोलला, "तुफानराणी निघाली आहे. दिवस मावळायच्या आत पोचेल. या खेपेला ती रिकाम्या हातानं जायची नाही."

बगळा बोलला याचं हौसाला नवल वाटलं नाही. त्या राज्यात बगळे बोलत. फक्त ते खरं बोलत, म्हणून दरबारात त्यांना कुणी बोलवत नसे.

"काय हवंय तिला?"

"तिची हंडी."

आता हंडीची हकिकत ऐका. शंभर वर्षांपूर्वी या राजाच्या आजोबांचं बारसं झालं. समुद्रापलीकडची शेजारीण म्हणून तुफानराणीनं तांब्याची हंडी भरून मोती धाडले. मोती बाळाच्या टोपड्याला लागले, हंडी मागं राहिली. आता शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत करायचं? शास्त्र आहे! आणि राणीच्या हंडीत घालायचं म्हणजे तोलामोलाचंच हवं. तेव्हाचा राजा म्हणाला, "दसऱ्याला बघू." दसऱ्याला म्हणाला, "पाडव्याला बघू." बघू बघू करता तो राजा गेला, बारशातलं बाळ म्हातारं होऊन गेलं, त्याचा मुलगाही गेला, आणि हंडी खजिन्यात पडून राहिली.

तुफानराणी अधूनमधून आठवण द्यायला येई. आधी नुसती झुळूक आली, मग कौलं उडाली, मग छपरंच गेली. शेवटी ती रागावून म्हणाली, "माझ्या हंडीत मोठेपणा मिरवायला जे घालाल, त्याचं खारं पाणी होईल!" त्यानंतर राजांनी हिरे घातले, माणकं घातली, सगळ्याचं खारं पाणी झालं. आणि गंमत बघा, आपण मोठेपणा मिरवतोय असं त्यांतल्या एकालाही वाटलं नाही.

"तीन कामं आहेत," बगळा म्हणाला. "दार उघडायचं, हंडी उचलायची, हंडी भरायची. जमेल?"

"न जमून सांगते कुणाला? माझा माणूस पाण्यात आहे!" असं म्हणून हौसानं पदर खोचला आणि ती धावत सुटली. तिच्या डोक्यावरून बगळा निघाला.

खजिन्याच्या दारात दगडाचा सिंह बसला होता. राजाखेरीज जो कुणी तिथं आला, तो काही ना काही न्यायलाच आला, आणि आला तसा सिंहाच्या पोटात गेला.

"काय न्यायला आलीस?" सिंहानं विचारलं.

"न्यायला कशाला येऊ? शेजारणीचं भांडं परत करायला आलेय."

असं वाक्य त्या सिंहानं जन्मात ऐकलं नव्हतं. तो इतका ओशाळला की उठून बाजूला झाला. दार आपोआप उघडलं.

आत हंडी होती. काळी, हिरवी, चिकट, आणि खाऱ्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. बारा हत्तींनाही ती हलली नव्हती. हौसानं कपाळावर हात मारला.

"अगं बाई! असलं कळकट भांडं कुणी परत करतं का? बगळोबा, राजाच्या मुदपाकखान्यातून आमसुलं आणा, आणि येताना करवंटी आणा!"

बगळ्यानं आमसुलं आणली, करवंटी आणली. करवंटीनं तिनं पाणी उपसलं आणि आमसुलांनी हंडी घासायला घेतली. बाहेर वारा उठला. पहिल्या झोताला राजवाड्याचं निशाण फाटलं, दुसऱ्याला सज्जा पडला. हौसाचे हात थांबले नाहीत. एकेक वर्ष घासून निघत होतं आणि हंडी हलकी होत होती. शंभरावं वर्ष निघालं तशी ती लख्ख झाली आणि तान्ह्या मुलासारखी हौसाच्या कमरेवर येऊन बसली.

ती पायऱ्यांवर आली तेव्हा पाणी विसाव्या पायरीवर होतं. समोर क्षितिज उरलंच नव्हतं, काळी भिंत चालत येत होती. राजा सागरसेन दरबार घेऊन उभा होता.

"थांब बाई!" राजा ओरडला. "रिकामी हंडी देऊन राज्याची अब्रू घालवतेस?" त्यानं डोक्यावरचा मुकुट काढून हंडीत टाकला. चर्रर्र! मुकुटाचं खारं पाणी झालं.

हौसानं ते ओतून टाकलं.

"सरा, सरा!" धूम्रकेश पुढं झाला. "माझा नागमणी! सात जन्मांची साधना!" चर्रर्र! त्याचंही पाणी झालं. हौसानं तेही ओतलं. वीज कडाडली, आणि त्या उजेडात दूर चाळीस शिडं दिसली, लाटांवर वरखाली होणारी.

हौसाचा हात पदराच्या गाठीशी गेला. हा गूळ आजवर धर्माशिवाय कुणाच्या तोंडात गेला नव्हता. गूळ दिला आणि तो आलाच नाही तर? ती रडली, अगदी भरदरबारात रडली, आणि रडत रडतच तिनं गाठ सोडली. खडा हंडीत टाकला.

टण्ण! गुळाचा गूळच राहिला.

"एवढासा?" धूम्रकेश किंचाळला.

"शेजारणीला एवढाच देतात," हौसा म्हणाली आणि हंडी घेऊन लाटांत उतरली. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि एकदम सगळं थांबलं. वारा नाही, आवाज नाही. समोर तुफानराणी उभी होती. तिच्या केसांनी आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं होतं.

"बाई, तुमची हंडी," हौसा म्हणाली. "फार उशीर झाला. रिकामी देऊ नये म्हणून घरातला गूळ घातलाय. गोड मानून घ्या."

तेव्हा राजा सागरसेन बोडक्या डोक्यानं पाण्यात उतरला. "बाई, चूक आमच्या घराची," तो म्हणाला. "आम्ही लाजत राहिलो."

तुफानराणीनं गूळ तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला.

"मला वाटलं, तुम्ही माझ्याशी बोलणंच टाकलंत," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून दोन सरी आल्या, गोड पाण्याच्या. मग तिनं हंडी कमरेवर घेतली आणि पाठ फिरवली. तिच्या पदराच्या नुसत्या फटकाऱ्यानं चाळीसही होड्या सरसर किनाऱ्याला लागल्या.

शाप फिटला. पाणी एकेक पायरी उतरून तिसऱ्या पायरीवर आलं, मुजरा करून गेलं. धूम्रकेशाला राजानं नवं काम दिलं : बगळा सांगेल ते हवामान रोज पहाटे दवंडी पिटून गावाला सांगायचं, आपलं अक्षरही घालायचं नाही.

धर्मा पाण्यात उडी मारून आला आणि सवयीनं त्यानं आ केला.

"आज गूळ नाही," हौसा म्हणाली. "शेजारणीला दिला." आणि तिथंच, पाण्यात, त्याच्या गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या पायरीवर हंडी होती. तीच! काठापर्यंत ताज्या सरंगा मासळीनं भरलेली. प्रधान घसा खाकरून म्हणाला, "महाराज, हिच्यात आता तोलामोलाचं काहीतरी... दसऱ्याला..."

"आमसुलं आणा!" राजा गरजला आणि बाह्या सारून स्वतः घासायला बसला.

गोष्ट किनाऱ्याला लागली, मंडळी. आता उठा, आणि तुमच्या फडताळात शेजारणीचा डबा किती दिवस पडून आहे तो आधी बघा.