कचऱ्यावरचा वाढदिवस

शेवंतीनगरच्या बालवाडीशेजारी कचऱ्याचा डोंगर साचला होता आणि पोरं तापानं फणफणत होती. रहिवासी मंडळाच्या इंदूताई भोकरे नगरसेवक ढमाल्यांकडे गेल्या, की ते मिशीवर हात फिरवत म्हणायचे, "ताई, तो कोपरा माझ्या वॉर्डात येतच नाही. पलीकडच्या गुंजाळांना सांगा." गुंजाळ त्यांना परत ढमाल्यांकडे धाडायचे.

चपला झिजल्या, पण इंदूताई हटल्या नाहीत. गुंजाळांच्या वाढदिवसाला मंडळानं त्या ढिगाऱ्यावरच भलामोठा फ्लेक्स उभारला. वर गुंजाळांचा हसरा फोटो आणि खाली मजकूर : 'या कोपऱ्याच्या कर्तबगार नगरसेवकांना हार्दिक शुभेच्छा!'

तासाभरात ढमाले तणतणत गाडीतून उतरले. "माझ्या वॉर्डात त्याचा फोटो? कुणाची ही हिंमत? आत्ताच्या आत्ता काढा!"

सारी गल्ली गोळा झाली. इंदूताईंनी हात जोडले. "काढतो की, साहेब. कोपरा तुमच्याच वॉर्डातला, हे आज तुम्हीच चारचौघांत सांगितलंत. आता फ्लेक्स आम्ही उतरवतो, त्याच्या खालचं तुम्ही उचला."

ढमाल्यांनी तिथूनच सफाई खात्याला फोन लावला. संध्याकाळपर्यंत कोपरा लख्ख झाला.

फ्लेक्स मात्र इंदूताईंनी नीट घडी घालून ठेवला. तुंबलेलं गटार अजून बाकी होतं.