खाडीच्या ओंडक्याचा बाक

"मग ही गाठ कापून टाकू का, तात्या?"

"कशाला?"

"बाक कलतोय."

"कलू दे."

भिकूतात्या मेस्त्री पडवीच्या पायरीवर बसून पटाशीला धार लावत होते. समुद्रानं किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडातून घरसामान घडवण्यात त्यांची हयात गेली होती. खुंट्या, तिवया, देव्हारे, काय म्हणाल ते. यशोधन पुण्यात डिझाइन शिकून त्यांच्याकडे आला, त्याला दीड वर्ष झालं होतं. त्याचा हात तयार होता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी तात्यांनी सांगितलं होतं, "ज्या दिवशी तुझ्या कामाला माझं हत्यार लावावं लागणार नाही, त्या दिवशी घरी जा. स्वतःचं काम सुरू कर."

तो दिवस आजचाच, अशी यशोधनची खात्री होती.

भरतीनं खाडीच्या तोंडाशी सोडलेला हा ओंडका तात्यांनी स्वतः निवडून त्याला दिला होता. "आमच्या अंगणात बसायला बाक कर," एवढंच म्हणाले होते. ओंडका होडीसारखा वाकलेला, मधे पोट, दोन्ही टोकं वर. एका टोकाला मुळांची जाडजूड गाठ. यशोधननं महिनाभर खपून बैठक अशी उतरवली होती की हात फिरवतच राहावं. पण पोटावर टेकवला की बाक गाठीच्या बाजूला झुकायचा.

"गाठ कापायची नाही तर पाचर मारतो," यशोधन म्हणाला.

तात्या धार लावत राहिले.

यशोधननं पोटाखाली पाचर ठोकली. वर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

"आता बघा. केसाचा फरक नाही."

तात्या उठले. बाकाभोवती एक फेरी मारली. मग वाकले आणि पाचर उपटून काढली.

बाक पुन्हा कलला.

यशोधनचा चेहरा उतरला. महिनाभराची मेहनत होती ती. "म्हणजे… जमलं नाही?"

तात्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगो, बाहेर ये जरा."

यमुनाकाकी पदराला हात पुसत आल्या. तात्या काटकुळे, काकी चांगल्या भरलेल्या.

"बस," तात्या म्हणाले.

"कुठे?"

"ते टोक वर गेलंय ना, तिथे."

"पडेन मी."

"इतक्या वर्षांत कधी पाडलं तुला?"

"दोनदा. होडीतून," असं म्हणत काकी बसल्या.

टोक खाली गेलं. काकींनी घाईनं कड धरली. तोवर तात्या गाठीच्या बाजूला जाऊन टेकले. बाक हळूहळू वर आला, थोडा डुलला… आणि समतोल स्थिरावला.

यशोधन बघतच राहिला.

तात्यांनी टाचेनं जमिनीला रेटा दिला. बाक पाण्यावरच्या होडीसारखा हलला. काकींनी तात्यांची बाही घट्ट पकडली आणि हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं?" यशोधननं विचारलं.

"हिला नजरेसमोर ठेवूनच तर ओंडका निवडला. दोन परत पाण्यात सोडले. हलके निघाले."

"म्हणजे माझ्या वजनावरून लाकूड आणलंत?" काकी म्हणाल्या.

"मग? माझ्या वजनाला कुठला ओंडका लागतोय."

आता यशोधनलाही हसू आवरेना.

"उद्या निघ तू," तात्या त्याला म्हणाले. "तुझ्या कामाला माझं हत्यार लागलं नाही."

"पण पाचर काढलीत की."

"हातानं काढली."

यशोधनला फार आनंद झाला. बाकासमोर मातीत फतकल मारून तो दोघांचं डुलणं पाहत बसला. पण शिकलेला माणूस, डोक्यात हिशेब चालूच.

"तात्या, एकच राहिलं… तुमच्यापैकी कुणी एकटंच बसलं तर?"

काकींचं हसणं थांबलं. बाही मात्र त्यांनी सोडली नाही.

तात्यांनी दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेवर तळवा टेकवला.

"तेव्हा कललेलाच पाहिजे."